मॅग्नेटने जोडायच्या खेळण्यातल्या गाड्या

मॅग्नेटने जोडायच्या गाड्या म्हणजे अशी खेळणी ज्यात एकाच गाडीचे दोन किंवा तीन तुकडे असतात, पुढे केबिन, मधे धड, मागे डाला किंवा टाकी किंवा शिडी असं काहीतरी, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात मॅग्नेट लपवलेला असतो, त्यामुळे तुकडे जवळ नेले की टक् आवाज करून चिकटतात. स्क्रू नाही, हुक नाही, दाबून बसवायच्या खाचा नाहीत. बंबाची केबिन, डंपरचं धड आणि क्रेनचं मागचं टोक अशी कुठलीही खिचडी चालते, आणि मुलांना खरी गाडी नीट जुळवण्यापेक्षा ही खिचडीच जास्त आवडते. पॉप्युलर प्लेथिंग्ज कंपनीचा मिक्स ऑर मॅच व्हेइकल्स हा सेट याच प्रकारातला.

तीन केबिन, तीन धडं आणि तीन शेपट्या एवढेच नऊ तुकडे असले तरी २७ गाड्या होतात, प्रत्येकी पाच केले तर १२५. म्हणून ही कल्पना खेळणी बनवणाऱ्यांना आवडते, तुकडे थोडे आणि गाड्या भरपूर. पण हे गणित तेव्हाच खरं ठरतं जेव्हा प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याला खरोखर बसतो. बघणाऱ्याला वाटतं की यातलं डिझाइन म्हणजे आकार, रंग आणि गोंडस हेडलाइट, तर तसं नाही, डिझाइन सगळं सांध्यात आहे. सांधा बसला की बाकीची गाडी बऱ्यापैकी आपोआप ठरत जाते आणि सांधा चुकला तर कितीही सुंदर बंब असो, दोन दिवसांत तो खोक्याच्या तळाशी जातो.

थोडा इतिहास

खेळण्यातल्या गाडीत मॅग्नेट येणं तसं जुनं आहे. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने १९५८ साली लाकडी आगगाडी आणली, तिचे डबे सुरुवातीला हुकने जोडायचे आणि मॅग्नेटची जोडणी नंतर आली. त्या काळातले स्वस्त मॅग्नेट म्हणजे फेराइट, काळपट, सिरॅमिकसारखे, ताकद बेताचीच. दोन डबे ओढायला ते पुरतात, पण गाडीचं अर्धं धड हवेत धरून ठेवायचं तर फेराइटचा चांगला मोठा ठोकळा लागतो. फरक पडला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्सच्या मासातो सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने साधारण एकाच वेळी, वेगवेगळ्या वाटेने निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा मॅग्नेट काढला. टेस्ला या चुंबकत्वाच्या एककात मोजलं तर फेराइटमध्ये ते ०.४ च्या आसपास उरतं, याच्यात १.२ ते १.४. म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा लहान चकतीत काम होऊ लागलं. पुढे या खेळण्यांत जे काही चांगलं झालं ते याच चकतीमुळे आणि जे वाईट झालं तेही हिच्यामुळेच.

ध्रुवांचा घोळ

पहिल्यांदा असली गाडी बनवणारा हमखास इथेच अडकतो. प्रत्येक तुकड्याला पुढच्या तोंडावर उत्तर ध्रुव आणि मागच्या तोंडावर दक्षिण ध्रुव दिला तर गाड्यांची लांबच लांब माळ लागते, सगळं छान चालतं, पण फक्त तोंडं एकाच दिशेला असतील तोपर्यंत. तुकडा उलटा फिरवला की उत्तरेसमोर उत्तर येते आणि तो चिकटायच्या ऐवजी पळतो. मोठ्या माणसाला यात गंमत वाटते, दोन वर्षांच्या मुलाला वाटतं खेळणं बिघडलं. ते तीनदा दाबून बघतं, मग भिरकावतं.

यावरचा मला सगळ्यात आवडणारा तोडगा असा की सांध्याच्या तोंडावर एक नाही तर दोन मॅग्नेट शेजारी शेजारी बसवायचे, समोरून बघितलं तर डावीकडे उत्तर आणि उजवीकडे दक्षिण, आणि सगळ्या तुकड्यांच्या सगळ्या तोंडांवर हेच. दोन तोंडं समोरासमोर आली की एकाचं डावं दुसऱ्याच्या उजव्यासमोर येतं, आपण समोरच्या माणसाशी हात मिळवताना होतं तसं, म्हणजे उत्तरेसमोर आपोआप दक्षिण. नर-मादी असा भेदच उरत नाही, केबिनला केबिन चिकटवून दुतोंडी गाडी केली तरी चालते. वर फुकटात अजून एक फायदा मिळतो: तुकडा चाकं वर करून उलटा लावायला गेलं की त्याचं डावं-उजवं बदलतं आणि तो ढकलला जातो, म्हणजे चाकं आकाशाकडे असलेली गाडी जोडताच येत नाही. उलटीपण चालायला हवी असेल तर चौकोनात चार मॅग्नेट, एकाआड एक उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण. मग सरळ आणि उलटा दोन्ही बसतात, पाव फेरा फिरवून आडवा लावलेला तेवढा बसत नाही. कागदावर चार टिंबं काढून तपासा, पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतरचा महिनाभराचा डोक्याचा ताप वाचतो.

दुसरी वाट म्हणजे मॅग्नेटला आतल्या आत फिरू द्यायचं. उंचीच्या ऐवजी व्यासाच्या दिशेने चुंबकत्व दिलेली छोटी दांडी थोड्या ऐसपैस पोकळीत ठेवली की समोर कुठलाही ध्रुव आला तरी ती स्वतःच वळते आणि चिकटते, मॅगफॉर्मर्स या जोडणीच्या खेळण्यातल्या चौकटींमध्ये हीच युक्ती आहे. भांडण कायमचं मिटतं, पण खेळणं हलवलं की आत खळखळ वाजतं, आणि फिरणाऱ्या दांडीसाठी जागा सोडावी लागते. तिसरी वाट एका बाजूला मॅग्नेट आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पत्रा. मॅग्नेट निम्मे लागतात म्हणून स्वस्त, पण पत्र्याला पत्रा चिकटत नाही आणि मधे प्लास्टिकची भिंत आली की पकड फारच ढिली होते. मला विचाराल तर पत्रा छपरावर ठेवायच्या सायरनसारख्या हलक्या गोष्टींपुरताच बरा.

पकड किती हवी

सगळे आधी विचारतात मॅग्नेट केवढा घ्यायचा. त्याआधी विचारायला हवं तो कुठे बसवायचा. मूल गाडी जोडून झाल्यावर तिला मधोमध धरून नाही, केबिनला धरून उचलतं, आणि मागचं धड हवेत लोंबतं. सांध्याची खालची कड बिजागरीसारखी टेकलेली राहते आणि वरून फट उघडायला बघते. समजा मागचा तुकडा १२० ग्रॅमचा आहे आणि त्याचं वजन सांध्यापासून ५ सेंटिमीटरवर आहे. मॅग्नेट खालच्या कडेपासून ३ सेंटिमीटर वर असेल तर त्याला साधारण २०० ग्रॅम वजनाइतकी ओढ पुरते, तोच मॅग्नेट १ सेंटिमीटरवर लावला तर ६०० ग्रॅम लागते. मॅग्नेट तोच, गाडी तीच, नुसती जागा बदलली. म्हणून चकत्या जमेल तेवढ्या वर घ्यायच्या. गाडी उलटी धरली तर सांधा पटकन सुटेल, सुटू दे. तीन तुकड्यांच्या गाडीत तर पहिल्या सांध्यावर धड आणि शेपटी दोघांचाही भार येतो, त्यामुळे शेपटी पोकळ आणि हलकी ठेवावी लागते, मनात कितीही आलं तरी तिथे जड क्रेन नको.

मॅग्नेट सरळ ओढीला दणकट असतो पण आडवा सरकवला की लगेच दगा देतो, तिथे त्याला धरून ठेवणारं फक्त घर्षण असतं आणि गुळगुळीत प्लास्टिकवर ते कितीसं असणार. गाडी भिंतीवर आपटली की तुकडे एकमेकांवरून घसरतात. यासाठी तोंडावर एक उंचवटा आणि एक खळगा देतात, उंचवटा डावीकडे आणि खळगा उजवीकडे, म्हणजे मॅग्नेटचीच डाव्या-उजव्याची युक्ती परत वापरायची. हा उंचवटा दोन-तीन मिलिमीटरचा आणि उतरत्या कडेचा हवा, खोल केला तर गाडी सुटेनाशी होते. कारण लहान मूल मॅग्नेट सरळ ओढून काढतच नाही, चॉकलेटची वडी मोडावी तशी गाडी मधून वाकवून तोडतं, आणि ते वाकवणं सांध्याने होऊ दिलं पाहिजे. आपटल्यावर गाडी सुटणं हा दोष नाही हेही ओघाने आलंच, ती सुटते म्हणून फुटत नाही.

अजून एक हिशेब भिंतीच्या जाडीचा. दोन्ही बाजूंना १ मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे मॅग्नेटांमध्ये २ मिलिमीटर अंतर, आणि ५ मिलिमीटरच्या चकतीसाठी ते खूप झालं, पकड निम्म्याच्याही बरीच खाली जाते. भिंत पातळ केली तर ती फुटायची भीती. सगळं डिझाइन शेवटी या एका मिलिमीटरवर येऊन भांडतं.

गिळलेला मॅग्नेट

भिंत का फुटू द्यायची नाही ते नीट सांगायला हवं. एकच छोटा मॅग्नेट पोटात गेला तर बहुतेक वेळा तो शौचावाटे निघून जातो. दोन गेले, किंवा एक मॅग्नेट आणि एक लोखंडाचा तुकडा गेला, तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधली आतड्याची भिंत चिमटीत सापडते, तिथला रक्तपुरवठा तुटतो, भोक पडतं, जंतुसंसर्ग पोटभर पसरतो. सुरुवातीला लक्षणं नुसत्या पोटदुखी-उलटीची असतात त्यामुळे वेळ जातो. शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा असतो. मॅग्नेटिक्स या जोडणीच्या खेळण्यातून निघालेले मॅग्नेट गिळून एका लहान मुलाचा मृत्यू झाला आणि २००६ साली अमेरिकेत ते सेट परत मागवले गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या एएसटीएम एफ९६३ या खेळण्यांच्या मानकात मॅग्नेटसाठी वेगळे नियम आले, युरोपच्या ईएन ७१ मध्येही तसेच नियम आहेत.

नियमाचं सार असं. सुटा झालेला तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या, तिरक्या तळाच्या एका ठरलेल्या नळकांड्यात पूर्ण मावला तर तो गिळण्याजोगा लहान समजायचा, आणि अशा तुकड्यात मॅग्नेट असेल तर त्याचा फ्लक्स इंडेक्स ५० च्या आत हवा. हा आकडा काढायला मॅग्नेटच्या पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र किलोगॉसमध्ये (टेस्लाचा दहावा भाग) मोजून त्याचा वर्ग करतात आणि ध्रुवाच्या क्षेत्रफळाने, चौरस मिलिमीटरमध्ये, गुणतात. ५ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ साधारण १९.६, तिच्यावर ३ किलोगॉस भरले तर उत्तर १७६ च्या पुढे, म्हणजे सरळ नापास. तेवढ्याच फेराइटवर १ किलोगॉस भरला तर २० सुद्धा होत नाहीत. थोडक्यात कामाचा निओडिमियम सुटा परवडतच नाही, तो बाहेर येणारच नाही अशी सोय करावी लागते. आणि ते नवीन खेळण्यावर तपासून भागत नाही, आधी गाडी आपटतात, पिळतात, ओढतात, दाबतात, मॅग्नेटची जोडणी हजार वेळा लावतात-काढतात, आणि मग बघतात आतून काही निघतंय का.

बनवताना

एबीएस प्लास्टिक साच्यात ओततात तेव्हा ते २२० अंशांच्या वर असतं, आणि साध्या ग्रेडचा निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ताकद गमवायला लागतो, म्हणून चुंबकत्व दिलेला मॅग्नेट साच्यातच ठेवून वर प्लास्टिक ओतण्याचा सोपा मार्ग बंद. मॅग्नेट नंतर खोबणीत बसवतात, त्यावर त्याचं स्वतःचं झाकण अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने, म्हणजे वेगवान कंपनांनी प्लास्टिक वितळवून, चिकटवतात आणि मग गाडीचं बाहेरचं कवच वेगळं वेल्ड करतात. दोन कुलुपं. नुसत्या गोंदावर विसंबायचं नाही, मॅग्नेटवरच्या निकेलच्या चकचकीत मुलाम्यावर गोंद फार धरत नाही आणि मुलामा खरवडला की आतला मॅग्नेट गंजतो.

घरी थ्रीडी प्रिंटरवर नमुना करणारे प्रिंट मधेच थांबवून चकती टाकतात आणि वरून थर चढवतात. सांधा कसा वागतो ते बघायला एवढं पुरे, पण ते थरावरच उकलतं, तेव्हा लहान मुलाच्या हातात द्यायचं नाही. हे करताना चकत्यांची चळत आधी एकावर एक लावून घ्यायची, वरच्या तोंडावर मार्करने लाल टिंब, ती काढली की पुढचीवर टिंब, असं शेवटपर्यंत, आणि मगच पहिली चकती खोबणीत. मी एकदा टिंबाशिवाय बारा चकत्या बसवल्या, आठवी उलटी गेली, आणि कुठली ते सगळं चिकटवून झाल्यावर डंपरने केबिनला लाथ मारली तेव्हा कळलं. खोबणी फोडून काढावी लागली.

आकाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आसाची जमिनीपासूनची उंची आणि सांध्याच्या तोंडाचा आकार सगळ्या तुकड्यांना अगदी एकच हवा, यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी एक चाक अधांतरी राहतं. मधल्या तुकड्याला चाकं देऊच नयेत असं माझं मत, सहा चाकं एकाच वेळी जमिनीला टेकवणं कठीण आणि मुलाला त्याचं काही पडलेलं नसतं. रंग मात्र तुकड्यागणिक वेगळा ठेवावा, कारण खिचडी गाडी दिसायलाही खिचडी दिसली तरच मजा.

कवचाला तडा गेलेला तुकडा टेपने बांधून परत खेळायला देऊ नये, फेकून द्यावा, आणि फेकण्याआधी आतले मॅग्नेट मोजून घ्यावेत. एक कमी भरला तर आधी तो शोधायचा, आणि सापडला नाही तर वर सांगितलेला एक्स-रे.