कंप्युटर आपोआप बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

सोलापुरात पारा 43 च्या वर सरकला की कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास येते, "चालता चालता एकदम बंद पडतंय ओ." आणि त्यावर उत्तरही ठरलेलं, व्हायरस असणार, फॉरमॅट मारावं लागेल, फोटोबिटो काढून ठेवा. यंदाही तेच ऐकलं आणि डोकंच फिरलं, म्हणून हा लेख. व्हायरसला मशीन बंद करता येतच नाही असं नाही, पण दर वर्षी बरोबर एप्रिल-मेमध्येच येणारा आणि पावसाळा लागला की निघून जाणारा व्हायरस मी तरी अजून पाहिलेला नाही.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही हेही सांगतो. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरसचा भाऊबंद) आला होता, त्याने विंडोज एक्सपी आणि 2000 वाल्यांना रडवलं होतं. स्क्रीनवर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रिस्टार्ट. ज्यांनी ते बघितलंय त्यांच्या डोक्यात "आपोआप बंद म्हणजे व्हायरस" हे कायमचं बसलं. पण त्यात नोटीस मिळायची, मोजणी व्हायची, विंडोज रीतसर आवरून घ्यायचं. निळा स्क्रीन येऊन रिस्टार्ट होणं हा अजून वेगळा प्रकार, तिथे बहुतेक वेळा ड्रायव्हर, रॅम किंवा हार्डडिस्कची भानगड असते. मी बोलतोय ते तिसऱ्याबद्दल. काही न सांगता टक्कन बंद, पंखे थांबले, डब्यावरचा दिवा विझला, स्क्रीन काळा. परत चालू केल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, "कर्नल-पॉवर 41" अशी लाल नोंद दिसते आणि लोक त्या आकड्यावरून नेटभर उत्तर शोधत बसतात. त्या नोंदीत एवढंच लिहिलेलं असतं की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हाला माहीतच आहे.

मग बंद केलं कोणी? संशयित थोडेच आहेत. भिंतीतून येणारी वीज किंवा युपीएस, कॅबिनेटमधला (म्हणजे कंप्युटरच्या डब्यातला) पॉवर सप्लाय, आणि स्वतः प्रोसेसर. चौथा एक फालतू संशयित म्हणजे पॉवरचं बटण, ते आत अडकून राहिलं तर चार-पाच सेकंद दाबून धरल्यासारखं होतं आणि मदरबोर्ड निमूटपणे वीज तोडतो. ते आधी बघून घ्या, फुकटचं काम आहे. यातला मला सगळ्यात आवडणारा प्रोसेसर, कारण तो स्वतःचा ताप स्वतः मोजतो.

कसा मोजतो ते बघू. चिपच्या आत थर्मामीटर घालायला जागा कुठली, तिथे पारा नाही, काच नाही, आहे ते फक्त सिलिकॉन. पण सिलिकॉनच्या डायोडची, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची, एक खोड आहे. त्यातून ठरावीक करंट सोडला की त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट मिळतात हे आपण बारावीत शिकलो, पण हा आकडा पक्का नसतो, तापमान एक अंशाने वाढलं की तो साधारण 2 मिलीव्होल्टने उतरतो. चिप 25 वरून 95 अंशावर गेली तर 140 मिलीव्होल्टचा फरक पडला, तो मोजता येतो. झालं थर्मामीटर! पण एक अडचण आहे, कारखान्यातून निघालेले दोन डायोड कधी सारखे नसतात, एकाचे 0.65 तर दुसऱ्याचे 0.67, म्हणजे नुसत्या फॅक्टरीच्या फरकामुळे दहा अंशांची चूक. यावर इंजिनियर लोकांनी जी शक्कल काढली ती मला फार भारी वाटते. एकाच डायोडमधून आधी थोडा करंट सोडायचा, व्होल्टेज मोजायचं, मग लगेच त्याच्या दहापट करंट सोडायचा, परत मोजायचं, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. डायोड कसाही असो, त्याचा स्वतःचा दोष दोन्ही मापांत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत उडून जातो आणि मागे उरतं ते फक्त kT भागिले q गुणिले 10 चा नॅचरल लॉग. यातला k म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, q म्हणजे इलेक्ट्रॉनचा चार्ज, दोन्ही विश्वात कुठेही तेच, आणि T म्हणजे केल्विनमधलं तापमान. 27 अंशाला म्हणजे 300 केल्विनला ही वजाबाकी येते साडेएकोणसाठ मिलीव्होल्टच्या आसपास, 100 अंशाला म्हणजे 373 केल्विनला येते 74. एका अंशामागे जेमतेम 0.2 मिलीव्होल्ट, पण सरळ रेषेत, कुठल्याही डायोडला तेच. (ज्यांचं डोकं इथे गरगरलं त्यांनी एवढंच धरा की चिपच्या आत तिचा स्वतःचा थर्मामीटर असतो आणि तो विंडोजला विचारून काम करत नाही.) हल्लीच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला (हिशोब करणाऱ्या भागाला) स्वतःचा सेन्सर असतो.

हा ताप साधारण 95-100 अंशापर्यंत गेला की चिप आधी स्वतःचा वेग कमी करते. कमी वेग म्हणजे कमी वीज, कमी वीज म्हणजे कमी उष्णता. तरीही ताप चढतच राहिला, 125-130 च्या घरात गेला, तर शेवटचा उपाय म्हणून एक तार ओढली जाते, थर्मट्रिप नावाचा सिग्नल, आणि बोर्ड पॉवर सप्लायला सांगतो की बंद कर. इथे सॉफ्टवेअरचा काडीचा संबंध नसतो, सेव्ह करू का वगैरे विचारत बसायला वेळ नसतो. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) तर त्याच्याही आधीची मर्यादा ठेवलेली असते. ही सोय नसली की काय होतं ते 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने व्हिडिओ काढून दाखवलं होतं. चालू मशीनमध्ये प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलला, पेंटियम 4 हळू झाला पण चालत राहिला, आणि त्या वेळच्या एएमडी अॅथलॉनमधून चक्क धूर निघाला.

आता वरचा क्रम परत एकदा बघा. मशीन आधी स्लो होतं, पंखा बोंबलायला लागतो, मग एकदम बंद पडतं. घरच्या माणसाला यातलं काय दिसतं? "स्लो झालाय आणि बंद पडतोय." म्हणजे व्हायरस! मग दुकानात नेतात, तिथला पोरगा फॉरमॅट मारायच्या आधी सवयीने कॅबिनेट उघडून ब्लोअर मारतो, भसकन धुळीचा लोट निघतो, नंतर तो विंडोज टाकतो, मशीन महिनाभर मस्त चालतं आणि श्रेय मिळतं फॉरमॅटला.

आणि आपल्याकडची धूळ साधी नसते. पूर्व भागात किंवा एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको, चादरी-टॉवेलच्या लूममधून उडणारं सुताचं बारीक तूस सगळीकडे जातं, खिडकीच्या जाळीत, कूलरच्या गवतात, तसंच कॅबिनेटमध्ये. नुसती माती असेल तर ती पात्यांवर बसते, पण सुताचे तंतू पंखा आणि हीटसिंकच्या मधल्या फटीत एकमेकांत गुंततात, त्यावर माती चिकटते. एकदा एका ओळखीच्यांचा पंखा चार स्क्रू काढून उचलला तर खाली अॅल्युमिनियम दिसेचना, करड्या रंगाची अखंड गादीच होती, बोटांनी एका तुकड्यात उचलून आली, वरच्या बाजूला पंख्याच्या पात्यांचा गोल ठसा उमटलेला. म्हणजे पंखा जोरात फिरत होता पण हवा खाली जातच नव्हती.

याचा हिशोब मांडून बघू, आकडे उदाहरणाचे आहेत. समजा प्रोसेसर 65 वॅट खातो. चांगला स्वच्छ हीटसिंक दर वॅटमागे 0.6 अंश चढू देतो, म्हणजे 39 अंश. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा 7 अंश गरम धरा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, खोली 25 अंश असेल तर चिप 71 वर. मेमध्ये स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली 41 धरली तर 87. दोन्ही चालतंय. आता तूस बसलं आणि 0.6 चे 0.9 झाले. जानेवारीत 91, मशीन चालू, कोणाला पत्ताही नाही. मेमध्ये? 107. इथे चिप वेग कमी करून तग धरायला बघते, आणि त्यात पंखा अडखळला किंवा प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळलेली असली की खेळ खल्लास. खोलीचा प्रत्येक अंश जसाच्या तसा चिपवर जाऊन बसतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. पंखा हवा हलवतो, हवा थंड करत नाही, त्यामुळे चिप कधीच खोलीपेक्षा थंड होणार नाही.

पेस्टचंही सांगतो. प्रोसेसर आणि हीटसिंक दोन्ही वरून गुळगुळीत दिसतात पण सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात, मध्ये हवा राहते. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता 0.026, अॅल्युमिनियमची 200 च्या वर, म्हणजे ती हवेची चिमूट सगळा रस्ता अडवते. थर्मल पेस्टची 3 ते 8 असते, फार नाही, पण हवेपेक्षा शंभरपटीहून जास्त. काही वर्षांत ती वाळून खडू होते. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवीन लावायची, लोण्यासारखी थापायची नाही. कोलगेट लावून भागतं असं सांगणारे महाभाग आहेत, भागतं पण, दोन दिवस, मग त्यातलं पाणी उडतं.

वास्तूवाल्यांचा एक किस्सा इथे बसतो. एका घरात कंप्युटर सारखा बंद पडायचा, कोणीतरी सांगितलं की विजेच्या वस्तू आग्नेयेला पाहिजेत. टेबल हलवलं आणि खरंच बंद पडायचं थांबलं. आधी ते मशीन लाकडी टेबलच्या बंद कप्प्यात होतं, वर धूळ नको म्हणून टॉवेल पांघरलेला, नवीन जागी कप्पा नव्हता आणि टॉवेलही निघाला होता. नैऋत्येला उघडं ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. तीच गत फोन "कूल" करणाऱ्या अॅपची आणि पीसी बूस्टरची, उलट ते स्वतःच प्रोसेसर वापरतात आणि दोन अंश वाढवतात.

ताप बघून झाला आणि तो ठीक निघाला (बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर असतो, बंद पडल्या पडल्या लगेच चालू करून तिथे जा, फारसं काम नसतानाही 80-90 दिसलं तर चोर सापडला) तर मग पॉवर सप्लाय. आपल्याला नळाला काही दिवसांआड पाणी येतं तरी घर चालतं ते टाकीमुळे, तसा पॉवर सप्लायच्या आत मोठा कपॅसिटर असतो. वीज क्षणभर दबली तर तो साधारण 16 मिलीसेकंद मशीन ओढतो, 50 हर्ट्झच्या विजेत अर्धं आवर्तन 10 मिलीसेकंदाचं, म्हणजे एखादी गचकी सहज पचते. पण टाकीत गाळ साचावा तसा कपॅसिटर वयाप्रमाणे आटतो. त्याच्यावर 105 अंशाला 2000 तास असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा की दर 10 अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. 75 अंशाला 16000 तास, रोज आठ तास धरले तर साडेपाच वर्षं. तोच 85 ला राहिला तर निम्मी. म्हणून आपल्याकडे पॉवर सप्लाय लवकर म्हातारे होतात. याची खूण अशी की शेजारच्या कारखान्यात मोटर चालू झाली, ट्यूबलाइट नुसती फडफडली, टीव्ही चालूच राहिला आणि फक्त कंप्युटर गेला. किंवा नुसतं टायपिंग करताना ठीक चालतो आणि गेम लावला की मिनिटभरात बंद. बोर्डवरचे कपॅसिटर वरून बघता येतात, डोकं सपाट पाहिजे, फुगलं असेल किंवा तपकिरी काही गळालं असेल तर गेला. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका, आत 230 व्होल्टचे सरळ होऊन 325 व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहतात.

युपीएसचं थोडक्यात. त्यातली 12 व्होल्टची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते, आणि मेलेल्या बॅटरीचा युपीएस नसलेला बरा, कारण लाइट जराशी दबली की तो बॅटरीवर जातो आणि बॅटरीत काहीच नसतं. मशीन एक-दोन दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, बंद पडायचं थांबलं तर बॅटरी बदला.

साफ करायचं असेल तर प्लग काढून, गच्चीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं, शिवाय फिरता पंखा जनरेटरसारखा उलट वीज बोर्डात पाठवू शकतो. एवढं करूनही टक्कन बंद पडत असेल तर ओळखीत कोणाकडे चांगला पॉवर सप्लाय असेल तो संध्याकाळभर लावून बघायचा, आणि त्यावरही बंद पडला तर मदरबोर्डचा नंबर, तिथे मात्र जुन्या मशीनवर फार पैसे घालू नका.