न्यायालयीन कर्मचारी आणि राजकारण : नियम 5 कुठून आला?

समन्स बजावायला निघालेल्या बेलिफाच्या मोटारसायकलवर पक्षाचे चिन्ह चिकटवलेले असेल, तर प्रचाराचा एक शब्दही न बोलता त्याने नियम मोडलेला असतो. कर्मचाऱ्याला राजकारण आणि निवडणुकीपासून लांब ठेवणाऱ्या, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधल्या नियम 5 च्या स्पष्टीकरणानुसार अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत आपले वजन वापरणे. सोलापूर जिल्हा न्यायालयातल्या अधीक्षकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना हाच नियम लागू आहे. मात्र तो एका बैठकीत लिहिलेला नाही. त्यात दोन काळांच्या दोन वेगळ्या धास्ती एकावर एक बसल्या आहेत.

जुनी धास्ती होती बंडाची. मे 1930 मध्ये सोलापुरात जमावाने पोलीस चौक्या आणि नगरपालिकेबरोबर न्यायालयावरही हल्ला केला. पुढे मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. न्यायालय हे लोकांना सरकारचेच घर वाटत होते, आणि ते खोटेही नव्हते. मामलेदारच दंडाधिकारी म्हणून बसे, एकाच कचेरीत महसुलाची आणि फौजदारीची कागदपत्रे चालत. मुंबई राज्यात ही दोन कामे कायद्याने वेगळी करण्याचे पाऊल 1951 मध्ये पडले. तोवर नोकराने राजकारणापासून लांब राहावे याचा अर्थ सरकारविरुद्ध जाऊ नये एवढाच होता. त्याची खूण नियम 5 च्या दुसऱ्या पोटनियमात अजून दिसते. घरातल्या कुणी कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविरोधी चळवळीत भाग घेऊ नये म्हणून कर्मचाऱ्याने प्रयत्न करायचा, आणि जमले नाही तर सरकारला कळवायचे.

हाच पोटनियम सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. बायको सरपंचपदाला उभी राहिली म्हणून नवऱ्याची नोकरी जात नाही. निवडणूक लढवणे ही सरकार उलथवण्याची चळवळ नव्हे. नवऱ्याने तिच्यासाठी घरोघर फिरणे, अर्जावर सूचक म्हणून सही करणे किंवा मतदान केंद्रावर तिचा प्रतिनिधी होऊन बसणे मात्र चालत नाही.

दुसरी धास्ती स्वातंत्र्यानंतरची, पक्षपाताची. केंद्रीय गृह मंत्रालयाने 1949 मध्येच पत्रके काढून सभांबाबतची रेघ आखली. सभा जाहीर असावी, मनाई आदेश मोडून भरलेली नसावी आणि कर्मचारी वक्ता किंवा आयोजक नसावा. एवढे पाळूनही एकाच पक्षाच्या सभेला वारंवार गेल्यास त्या पक्षाचा माणूस असा समज होतो, हा इशाराही त्यात होता. केंद्राची पत्रके राज्याच्या कर्मचाऱ्याला आपोआप लागू होत नाहीत, पण नियमांचे शब्द जवळजवळ तेच असल्याने ती मोजपट्टी म्हणून कामाला येतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यात भाग घ्यायला मनाई करणारा 1966 च्या पत्रकातला उल्लेख केंद्राने जुलै 2024 मध्ये मागे घेतला, तोही केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरता.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 134-अ प्रमाणे सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. इथे प्रकरण खातेनिहाय चौकशीपुरते राहत नाही, तो गुन्हा ठरतो. दुसऱ्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने अतिरेकही रोखला. 1962 मध्ये निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द झाली, तर 1983 मध्ये, नोकरीपूर्वीच्या राजकीय संबंधांवरून एका शिक्षकाला काढणे चूक ठरले.

नियम तलाठ्याला आणि न्यायालयातल्या लिपिकाला एकच असला तरी न्यायालयात तो जास्त कडक वाचला जातो, आणि कारण टेबलावरच असते. ग्रामपंचायत निवडणुकीला आव्हान निकालानंतर 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांपुढे द्यायचे असते, महापालिकेच्या निवडणुकीला तर 10 दिवसांतच. अर्ज आला कधी, शिक्का कुठल्या तारखेचा पडला, नोटीस कधी निघाली यावर सगळा डाव. तो शिक्का मारणारा हात कालच्या मिरवणुकीत झेंडा धरून होता असे विरोधी वकिलाने दाखवले, तर त्या नोंदीवरच शंका येते. गंमत म्हणजे समोर उभा वकील पक्षाचा शहराध्यक्ष असू शकतो. तो आणि त्याचा खासगी कारकून, दोघेही या नियमाबाहेर.

शिस्तीची दोरी कुणाच्या हाती, हेही ठाऊक असावे. राज्यघटनेच्या कलम 235 नुसार जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे, आणि रोजची कारवाई जिल्हा न्यायाधीशांची. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची उच्च न्यायालयातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. तिथला उच्च न्यायालयाचा कर्मचारी वेगळ्या साच्यात बसतो. कलम 229 नुसार त्याच्या सेवाशर्ती मुख्य न्यायमूर्ती ठरवतात.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो छोट्या गोष्टींत. वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर मित्रांनी न विचारता ‘शुभेच्छुक’ म्हणून फोटो छापला, तर लगेच लेखी हरकत घेऊन तो काढायला लावावा आणि प्रत जवळ ठेवावी. शाई लावलेल्या बोटाचा फोटो स्टेटसला चालतो, पण कुणाला मत दिले याचा सूचक इशाराही नको. साखर कारखान्याची निवडणूक नियमातल्या ‘स्थानिक प्राधिकरणा’ची, म्हणजे ग्रामपंचायत-महापालिकेसारख्या संस्थेची नाही, म्हणून मोकळीक आहे असे बरेच जण धरून चालतात. पण पॅनेलमागे पक्ष उघड असेल तर पहिलाच पोटनियम, म्हणजे राजकीय कार्यात कोणतीही मदत नको, आडवा येतो.

स्वतःच उभे राहायचे असेल तर नोकरी सोडावी लागते, आणि इथे घाई महागात पडते. राजीनामा नुसता देऊन भागत नाही, अर्जांच्या छाननीपूर्वी तो मंजूर झालेला हवा, नाहीतर लाभाच्या पदाची, म्हणजे सरकारी पगाराच्या पदावर असताना निवडणूक लढवता येत नाही अशी हरकत येते. शिवाय 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम 46 मुळे राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बुडते. 20 वर्षे भरलेल्याने म्हणून स्वेच्छानिवृत्तीच घ्यावी. तिला 3 महिन्यांची नोटीस लागते, आणि निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर हातात तेवढे दिवस उरत नाहीत.