१६० चौरस फुटांत विंग कुठे?

माणूस रोजच्या व्यवहारातही अभिनय करतो, या विचाराला समाजशास्त्रात बैठक दिली अर्व्हिंग गॉफमन यांनी. १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर त्यांनी निरीक्षणं केली. तिथल्या एका छोट्या हॉटेलात स्वयंपाकघराच्या दारावरून रोज धुसफूस चाले. मोलकरणींना ट्रे नेण्यासाठी दार उघडं हवं. मालकांना बंद हवं, कारण आतलं त्यांचं वागणं पाहुण्यांना दिसलं असतं तर बाहेरचा रुबाब गेला असता. या निरीक्षणांच्या आधारे १९५६ साली एडिनबरोत त्यांचं पुस्तक निघालं, आणि रंगमंच व विंग (म्हणजे प्रेक्षकांना न दिसणारी, रंगमंचालगतची जागा) हे शब्द समाजशास्त्रात रुळले.

यावरून ‘सगळेच ढोंगी’ असा अर्थ काढतात, तो साफ चुकीचा आहे. घाबरलेल्या रुग्णासमोर डॉक्टर शांत राहतो, तो त्याच्या कामाचाच भाग असतो. ते काम टिकायचं तर चेहरा सैल सोडायला जागा लागते.

नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक (देहाचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावानं शरीरावर उमटणारा). नोकरीच्या मुलाखतीला कडक इस्त्रीचा शर्ट, ताठ बसणं, घोटून ठेवलेली उत्तरं, हे पहिले तीन सरावानं जमतात. फसतं ते चौथ्यात. स्वेद, स्वरभंग, वेपथू, म्हणजे घाम, फुटलेला आवाज, हाताचा कंप. गॉफमनही दाखवलेलं आणि निसटलेलं असा भेद करतात. समोरचा माणूस निसटलेल्यावरून दाखवलेलं पडताळून पाहतो.

मुंबईत अडचण विंगेची. वरळी, नायगाव, डिलाइल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२०च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. इथे विंग वेळेतून काढावी लागते: पुरुष गॅलरीत जातात तेवढ्यात बायका कपडे बदलतात, नवं जोडपं असेल तर दोरीवर चादर पडते. यात शेजाऱ्यांचा वाटा मोठा. रात्रीचं भांडण भिंतीपलीकडे शब्दन्‌शब्द ऐकू गेलेलं असतं, तरी सकाळी नळावर त्याचा विषय निघत नाही. गॉफमन प्रेक्षकांच्या या सांभाळून घेण्याला फार महत्त्व देतात, आणि ते पटतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन प्रेक्षक एकत्र आले की. ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू असताना मागून आईनं हाक मारली, तर साहेबासमोरचा आवाज आणि घरातला आवाज एकाच तोंडून काढावा लागतो. म्हणून भिंतीला पाठ लावून बसतात, कॅमेऱ्यात खोली येत नाही; माइक मात्र बोलण्यापुरताच उघडावा लागतो, कारण कुकरच्या शिट्टीला भिंत अडवत नाही.