हद्दवाढीनंतरचं सोलापूर आणि पावसाच्या पाण्याची वाट

सोलापुरात जोराचा पाऊस झाला की पाणी कुठं तुंबणार, हे बरंचसं १९९२ साली ठरलं. त्या वर्षी हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे अशी भोवतालची गावं महापालिकेत आली. तीस वर्षं उलटून गेली तरी लोक त्या भागाला ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात, आणि पावसाळ्यातल्या तक्रारींमध्ये हे नाव सारखं ऐकू येतं.

त्याआधी पाण्याचा विषय इथं साठवणुकीचाच होता. सिद्धेश्वर तलाव, किल्ल्याचा खंदक, कंबर तलाव या जुन्या शहरातल्या पाण्याच्या जागा. उत्तरेला आदिला नदी अडवून १८७१च्या सुमारास एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव पूर्ण झाला. पुढं १८७६चा दुष्काळ आला, शंभर वर्षांनी १९७२चा. पाणी मिळवायचं कसं, यातच पिढ्या गेल्या. पाणी वाहून न्यायला वाट ठेवायची, हा विचार मागं पडला यात नवल नाही.

हद्दवाढीवरचा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे. समर्थक म्हणतात, शहर आधीच वेशीबाहेर सांडलं होतं. गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या आधारानं आलेल्या वस्तीला जागा हवी होती, आणि ग्रामपंचायतींच्या हाती ती बांधकामं आवरली नसती. विरोधकांचं म्हणणं, कर शहराचे आले आणि सोयी गावाच्याच राहिल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला मात्र यातली मोठी चूक तिसरीच वाटते. हद्द गावांच्या शिवांवरून आखली गेली, पाणलोटावरून नाही. हिप्परग्याचा तलाव हद्दीबाहेर राहिला आणि त्याच्या सांडव्याचं पाणी ज्या आदिलेतून पुढं सीना नदीकडं जातं, तिच्या काठाला वस्ती होत गेली. नदीच्या वरच्या अंगाचा कारभार एकाकडं आणि खालच्या अंगाची घरं दुसऱ्याकडं, अशी ही वाटणी झाली.

शेतं संपली ती गुंठ्यांनी. रेखांकन मंजूर नसताना एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, खोलगट जागी मुरूम टाकून प्लॉट वर उचलले गेले, बांधाकडेची ओघळ शेजारच्या दोन कंपाउंडांच्या मध्ये हरवली. ड्रेनेज आलं नव्हतं, म्हणून सांडपाणी नाल्यात. जिथं आलं, तिथं अंगणातलं पावसाचं पाणीही त्याच चेंबरमध्ये सोडलं गेलं. मोठ्या सरीत चेंबरची झाकणं उचलली जातात त्याचं कारण हे. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं अशी बांधकामं नियमित करायची वाट खुली केली. हजारो कष्टकरी कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यानं दूर झाली, ते योग्यच झालं. पण दाखला मिळाला भूखंडाला आणि घराला. त्या भूखंडांमधून पूर्वी वाहणारी ओघळ कोणत्याच दाखल्यावर आली नाही.

काळ्या जमिनीचं वागणं इथं ध्यानात घ्यावं लागतं. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिला पाऊस पिऊन टाकते. सप्टेंबरपर्यंत फुगून घट्ट होते, मग फारसं मुरत नाही. त्यावर काँक्रीट आलं की पहिल्या पावसालाही थारा उरत नाही. एक हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५ लाख लिटर पाणी होतं. मोकळ्या रानातून त्यातलं एक-पंचमांश वाहिलं असं धरलं, तर १ लाख लिटर. सिमेंट आणि पत्र्यांवरून ९० टक्के वाहिलं, तर साडेचार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४५ टँकर. गटार मात्र पूर्वीच्याच मापाचं.

आता पाऊसही बदलतो आहे. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्याचं संशोधन सांगतं. सोलापूरचा मुख्य पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. म्हणजे जमीन भिजलेली आणि तलाव भरत आलेले असतानाचा. गटारांची मापं मात्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारी सर गृहीत धरून काढायची पद्धत राहिली. पावसाळी गटारांसाठी देशपातळीवर स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली तीच २०१९ मध्ये. तोवर हा विषय मैलापाण्याच्या पुस्तकातलं एक प्रकरण होता.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं, पण त्या कामांचा मोठा भर मध्यवर्ती भागावर राहिला. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तेलंगणातून थेट इथवर आलं आणि जिल्हा पाण्याखाली गेला. पुढच्याच वर्षी गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमित होण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. त्या ऑक्टोबरात ज्या घरांत पाणी शिरलं, तीही मुदतीत बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, पुण्याचा महामार्ग बंद पडला. पूररेषांतली निळी रेषा २५ वर्षांतल्या आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची, पण त्या आखल्या जातात नद्यांसाठी. हद्दवाढ भागातल्या बुजत चाललेल्या ओघळींची मोजणी जुन्या गाव नकाशांवरून आजही करता येईल, आणि पुढचा एकही दाखला देण्याआधी ती व्हायला हवी.