उतार दिसला की अक्ष तिरपे, ही सवय आली कुठून? (पार्श्वभूमी)

तिरप्या बलाचे दोन घटक पाडायचे, कोन जमिनीशी असेल तर आडवा कॉस आणि उभा साइन, हे सगळ्यांना येतं, ते परत उगाळत नाही. भांडण त्याच्या आधीचं आहे, अक्ष उताराला धरून तिरपे ठेवायचे की जमिनीला धरून आडवे-उभे, याचं. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली बरीच पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पीयूला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की सगळं इंग्लिशमधून, आणि त्या गडबडीत डोक्यात पक्कं बसतं ते एकच, एन बरोबर एमजी कॉस थीटा (एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल, एमजी वजन, थीटा उताराचा कोन).

जुना इतिहास पटकन. 1586 मध्ये नेदरलँड्सच्या एका इंजिनियरने त्रिकोणी उतारावर 14 गोळ्यांची माळ टाकल्याची कल्पना केली, आणि माळ आपोआप फिरत राहणार नाही एवढ्या एका आधारावर उतारावरच्या वजनाचा हिशोब काढला. पण ते तोलाचं गणित, त्यात त्वरण कुठंच नाही. 1687 मध्ये न्यूटनच्या ग्रंथात बलांचा समांतरभुज चौकोन आला, जोडायलाही आणि फोडायलाही.

पुढचं मात्र नीट बघण्यासारखं आहे. त्यानंतरची कितीतरी वर्षं गणिती लोक बल फोडायचे ते वस्तूच्या वाटेच्या दिशेने आणि वाटेला काटकोनात, म्हणजे अक्ष वस्तूबरोबर वळायचे. 1750 च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या एका स्विस गणितज्ञाने जागेवर रोवलेले तीन अक्ष घेऊन प्रत्येकासाठी वेगळं समीकरण मांडलं. म्हणजे आज ज्याला आपण क्लासची ट्रिक म्हणतो ते तिरपे अक्ष जुन्या घराण्यातले, आणि आडवे-उभे कायमचे अक्ष नंतर आले.

दोन्ही बरोबर आहेत, उत्तर तेच येतं. गुळगुळीत उतारावर आडवे-उभे अक्ष घेतले तर आडवं त्वरण जी साइन थीटा कॉस थीटा आणि उभं जी साइन वर्ग थीटा, दोन्ही जोडलं की परत जी साइन थीटाच, फक्त अर्धं पान जास्त जातं. आणि आता कर्नाटक सीईटीला (बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला) फिजिक्सचे 60 प्रश्न 80 मिनिटांत, तिथं अर्धं पान कोण देणार? म्हणून तिरपे अक्ष जिंकले, इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार ही की कारण गळून पडलं आणि 'उतार दिसला की अक्ष तिरपे' एवढाच नियम उरला.

त्याचा घोळ वळणाच्या गणितात दिसतो. चोर्ला घाटात वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता असतो, तसा 30 अंश कललेला रस्ता धरा (एवढा कोणी बांधत नाही, पेपरात बांधतात), घर्षण नाही, 1000 किलोची गाडी घर्षणाशिवाय वळता येईल बरोबर त्या स्पीडने वळते आहे. चित्रात उतार तसाच, थीटा तोच. पोरगं डोळे झाकून एमजी कॉस थीटा लिहितं, सुमारे 8,490 न्यूटन. खरं उत्तर एमजी भागिले कॉस थीटा, सुमारे 11,320. कारण गाडी उतारावरून खाली घसरत नाहीये, तिचं त्वरण वळणाच्या केंद्राकडे, आडवं आहे, उभ्या दिशेत त्वरण शून्य, म्हणून एनचा उभा घटक बरोबर एमजी. घसरणाऱ्या पेटीत मात्र उताराला काटकोनात त्वरण शून्य असतं. अक्ष ठरवतं ते त्वरण, रस्त्याचा आकार नव्हे, आणि माझ्या मते हे वाक्य घटकांच्या सूत्राआधी शिकवायला पाहिजे.

सपाट जमिनीवरही हाच रोग, एन म्हणजे एमजी धरून मोकळं व्हायचं. 20 किलोची पेटी, 30 अंशात वर ओढणारी दोरी, 100 न्यूटन, घर्षणांक 0.2, जी 10 धरा. दोरी 50 न्यूटन उचलते, एन 150, घर्षण 30, त्वरण 2.83. एन 200 धरलं की 2.33 येतं, आणि पर्यायांत तेही छापलेलं असतंच की.

अलीकडे काही सर एफबीडीच्या (वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या चित्राच्या) शेजारी त्वरणाचा बाण वेगळ्या रंगात आधी काढायला लावतात, चित्राच्या बाहेर, कारण ते बल नाही, आणि तो बाण काढल्याशिवाय एक्स-वाय आखू देत नाहीत.