‘100 फुल ड्युप्लेक्स’ करून ठेवा, हा सल्ला आता सोडा

जुन्या लॅपटॉपचं केबलचं नेट रखडलं की एक सल्ला हमखास मिळतो: नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो निगोशिएशन’ (दोन्ही टोकांची उपकरणं आपापसात बोलून वेग ठरवतात ती सोय) काढा आणि ‘100 एमबीपीएस फुल ड्युप्लेक्स’ (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं करा. एके काळी त्यात तथ्य होतं. केबल नेटवर्कच्या 1995च्या मानकातली ऑटोची पद्धत कंपन्यांनी आपापल्या परीने लावली, त्यामुळे कार्ड आणि स्विचचं (केबली जोडणाऱ्या पेटीचं) जमेना. 1998च्या सुधारणेने तो घोळ बराच निस्तरला. सल्ला मात्र फिरतच राहिला.

आज तो बहुधा दुखणं वाढवतो. लॅपटॉपने बोलणीच थांबवली की राउटरला सिग्नलवरून वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही. मग नियमानुसार तो हाफ ड्युप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरतो. लॅपटॉप हवं तेव्हा बोलतो, राउटर त्यालाच टक्कर समजतो. गंमत म्हणजे पोर्टचा दिवा लागलेला असतो, पिंगही (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातो. मोठी फाइल घ्यायला गेलं की सगळं रांगायला लागतं.

सेटिंग ‘ऑटो’वरच ठेवा आणि आधी केबल बदलून पाहा. 100 एमबीपीएसला तारांच्या दोनच जोड्या लागतात, पिन 1, 2, 3 आणि 6 वरच्या; गिगाबिटला (1000 एमबीपीएस) चारही. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून जोडणी 100 वर अडकली किंवा सारखी तुटत राहिली, तर उरलेल्यांपैकी एखादी तार गेलेली असण्याची शक्यता मोठी. 100 सक्तीचं केल्यावर कधीकधी ‘सुधारलं’ वाटतं ते यामुळेच: मेलेली तार वापरातून गेली, इतकंच.

आयपी पत्ता 169.254ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, ती बहुधा राउटरमध्येच असते) पत्ताच आलेला नाही. तिथे ड्युप्लेक्सशी झटापट करू नका.