तुमच्या कोरलच्या रिपोर्टमधला तो २.३ आकडा

तुमच्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, मापांचा आमचा रिपोर्ट गेला की फोन येतो तो ह्याच ओळीवर. फ्रॅक्टल डायमेन्शन २.३ म्हणजे काय, कोरल चांगलं आहे ना? चांगलं-वाईट ह्यातून कळत नाही हो, कोरलचा पृष्ठभाग किती खाचाखोचांचा आहे एवढंच कळतं.

मँडेलब्रॉ ह्या गणितज्ञाने १९६७ मध्ये प्रश्न टाकला होता, ब्रिटनचा किनारा किती लांब? पट्टी जितकी छोटी घ्याल तितका किनारा लांब भरतो, कारण आधी सुटलेल्या खाचा आता मोजल्या जातात. कोरलचंही अगदी तसंच, म्हणून नुसतं क्षेत्रफळ सांगून भागत नाही.

आम्ही काय करतो, तुमच्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवतो, ते कॉम्प्युटरवर चौकोनी खोक्यांच्या जाळीत बसवतो आणि पृष्ठभाग किती खोक्यांतून जातो ते मोजतो, मग खोक्याची बाजू अर्धी करून परत मोजायचं, परत अर्धी, असं करत जायचं. गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर दर वेळी खोकी साधारण ४ पट होतात, ते डायमेन्शन २. पूर्ण जागा भरली असेल तर ८ पट, ते ३. आणि ५ पट झाली की आला तुमचा २.३! पोराइटिससारखं गोलमटोल कोरल सहसा २ च्या जवळ राहतं, दाट फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा त्याच्या वर जातं.

आकड्याशेजारी '१ ते १० सेंमी' असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे खोकी केवढ्या मापाची घेतली, ते प्लीज वाचा. कोरल काही गणितातलं आदर्श फ्रॅक्टल, म्हणजे कुठल्याही मापाला सारखंच खाचाखोचांचं दिसणारं, नाही, फांद्यांच्या मापाला एक आकडा येतो आणि पॉलिपच्या (कोरल बनवणाऱ्या इवल्या जिवांच्या) मिलिमीटरभर खळग्यांना वेगळाच, त्यामुळे वेगळ्या मापांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'कोरल सपाट झालं' म्हणू नका. शिवाय दोन अगदी वेगळ्या आकारांना सेम आकडा येऊ शकतो, म्हणून क्षेत्रफळ आणि घनफळ आम्ही सोबत देतोच.

फोटो धूसर असले की बारीक खाचा बुजतात आणि आकडा उगाच खाली येतो. दाट फांद्यांच्या आतलं तर कॅमेऱ्याला दिसतच नाही, तिथे मॉडेलमध्ये भोकं पडतात किंवा सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने लिंपून टाकतं, सुका सांगाडा असेल तर सीटी स्कॅन करून घेणं बरं. फोटो सगळ्या बाजूंनी घ्या, एकमेकांवर भरपूर चढणारे, आणि मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवाच, ती नसेल तर सेंमी कुठले लिहायचे आम्ही?